पोढी, कुंड, सांडवा

नाशिकच्या पाण्याची फेरी गोदाकाठी सुरू करू नये. आधी शहराबाहेर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांवर जावं, तेही ऊन चढायच्या आत. पायऱ्यांची चढण संपली की बहुतेक पाहुणे खांबांवरचे हत्ती-बैल आणि आतल्या मूर्ती पाहण्यात रमतात. आपण मात्र खाली, पायाशी बघत चालायचं. लेण्यांच्या ओसरीला लागून कातळात जागोजागी चौकोनी तोंडं कोरलेली दिसतात. वाकून पाहिलं तर आत अंधार असतो आणि त्या अंधारात स्थिर, हिरवट पाणी. या पोढ्या. तोंड लहान, पोट मोठं आणि वर डोंगराचंच छत, असा यांचा घाट आहे. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरून ओघळणारं पाणी कातळावरच्या पन्हळींनी आत येतं. तोंड लहान असल्यामुळे ऊन आणि धूळ आत फारशी शिरत नाही आणि वाफ होऊन उडणारं पाणीही कमी होतं. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट असतो. भेग नसलेली जागा हेरून कोरलं, तर साठवलेलं पाणी महिनोन्‌महिने टिकतं. पावसाळा एका जागी काढणाऱ्या आणि उन्हाळ्यातही इथेच राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना याच पाण्याचा आधार होता.

टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पोढीच्या तोंडाच्या आतली कड पाहावी. छिन्नीच्या तिरक्या ओळी अजून स्पष्ट दिसतात, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. मूर्ती घडवणाऱ्या हातांचं कौतुक पुष्कळ झालं, पण इतक्या अडचणीच्या तोंडातून आत उतरून, वाकून, खोल खोल दगड फोडत बाहेर काढणाऱ्यांचं कौशल्य मला तितकंच मोठं वाटतं.

आता 10 व्या लेण्याच्या ओसरीत उभे राहू. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांतला मोठा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा दानलेख सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. इतिहासाचे अभ्यासक त्यात शक आणि सातवाहन यांच्या झगड्याचे दुवे शोधतात. पाण्याच्या नजरेने वाचलं की तोच लेख वेगळा दिसू लागतो. हे लेणं आणि या पोढ्या आपण करवल्या, असं उषवदात त्यात सांगतो. लेण्याइतकीच पोढीही नोंदवण्याजोगी, पुण्याची गोष्ट होती. पुढची यादी तर याहून मोठी आहे. बार्णासा नदीवर त्याने स्नानाचं तीर्थ बांधलं. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचं भडोच, मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा, इथे धर्मशाळा, बागा, तळी आणि विहिरी करवल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट नावांची सोय केली आणि दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. नदी ओलांडणारा माणूस अलीकडेही तहानलेला असतो आणि पलीकडेही, एवढं ज्याला सुचलं त्याची पाण्याची समज साधी नव्हती.

याच लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे, तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षातला. माझ्या मते नाशिकच्या जलइतिहासातला हा सर्वांत मोलाचा दस्तऐवज. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने इथल्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली आणि ती ठेवली कारागिरांच्या श्रेणींकडे. कुंभारांच्या मानल्या जाणाऱ्या श्रेणीकडे 1,000 कार्षापण, तेल्यांकडे 500 आणि ओदयंत्रिकांकडे 2,000. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. त्यांची यंत्रं नेमकी कशी होती हे लेख सांगत नाही, पण त्यांच्याबद्दल दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगतो. या भागात पाण्याच्या यंत्रांचं काम करणाऱ्यांची एक संघटित श्रेणी होती. आणि तिची पत इतकी होती की कायमच्या ठेवीसाठी तिच्यावर तेल्यांच्या चौपट रकमेचा विश्वास टाकला गेला. नाशिकचा उल्लेख देवळांचं शहर, द्राक्षांचं शहर असा होतो. पाण्याच्या कारागिरांचं शहर हा त्याचा मान जुना असूनही कुणी फारसा सांगत नाही.

डोंगर उतरून आता शहरात येऊ आणि होळकर पुलावर थांबू. ब्रिटिश काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पूल झाला तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया ब्रिज होतं. पुलाच्या एका टोकाला 1756 सालचं सुंदरनारायणाचं मंदिर आहे. पावसाळ्यात नाशिककरांच्या तोंडी या पुलाचं नाव रोज असतं, कारण गोदावरीचा विसर्ग इथे मोजला जातो. ‘होळकर पुलाखालून इतके हजार क्युसेक’ हे वाक्य बातम्यांतून ऐकू येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हटलं की दर सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटरच्या वर पाणी पुलाखालून जात असतं.

हे पाणी येतं पश्चिमेकडून. त्र्यंबकेश्वराच्या माथ्यावरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम. तिथे ती गुप्त होते, पुन्हा प्रकटते आणि गौतम ऋषींनी कुश गवताने तिला अडवलं ते ठिकाण कुशावर्त, अशी कथा आहे. आज दिसणारं कुशावर्ताचं चिरेबंदी कुंड पुढे होळकरांचे फडणवीस पारनेरकर यांनी बांधलं. त्र्यंबक सोडून नदी गंगापूरला येते आणि तिथे 1965 मध्ये पूर्ण झालेल्या मातीच्या धरणात थांबते. गंगापूर धरणाची क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेपाच टीएमसीहून थोडी अधिक. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तिथला. या धरणाने गोदाकाठाचं वेळापत्रकच बदललं. पूर्वी पावसाळा सरल्यावर नदीत झऱ्यांचं पाणी सावकाश उतरत असे. आता उन्हाळ्यात रामकुंडावर किती पाणी असेल ते धरणातून आवर्तन कधी सुटतं यावर ठरतं. त्यात खालच्या जायकवाडी धरणाचा वाटाही द्यावा लागतो. वरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडायचं की नाही, हा वाद दुष्काळी वर्षात हमखास पेटतो. खाली पैठणपर्यंत नदी एकच आहे, एवढं ध्यानात ठेवून तो ऐकला तर दोन्ही बाजूंचा जीव कशासाठी तुटतो ते कळतं.

पूल सोडून पंचवटीच्या बाजूने रामकुंडाकडे उतरू. पश्चिमेकडून आलेली गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. नदीचं दक्षिणेकडे वळणं पितृकार्याला पवित्र मानलं जातं, म्हणून हे वळण तीर्थ झालं. पूर्वेकडून अरुणा नावाचा ओहोळ इथेच मिळत असे. आज तो दिसत नाही, बांधकामाखाली गेला आहे. रामकुंड 1696 मध्ये चित्रराव खटावकर यांनी बांधलं, साधारण 27 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. पुढे त्याची दुरुस्ती केली गोपिकाबाईंनी. नानासाहेब पेशव्यांची पत्नी, थोरल्या माधवरावांची आई. त्यांनी उतारवयातली वर्षं पुण्याच्या राजकारणापासून दूर, नाशिकजवळ गंगापूरला काढली.

रामकुंडाचा एक भाग अस्थिविलय तीर्थ म्हणून ओळखला जातो. इथे अस्थी पाण्यात विरून जातात, अशी श्रद्धा. 1948 मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचं विसर्जन इथेही झालं. शेजारच्या पाण्याला गांधी तलाव हे नाव त्यातूनच आलं. कुठल्याही दिवशी या, काठावर दशक्रियेचे विधी चाललेले असतात, भाविक प्लास्टिकच्या कॅनमध्ये गंगा भरून घेत असतात आणि दोरीला लोहचुंबक बांधलेली मुलं पाण्यात सोडलेली नाणी शोधत असतात. चुंबक तळावरून हळू ओढायचं, अडकलं की अलगद वर घ्यायचं. नाणी स्टीलची झाली तेव्हापासून हा उद्योग जमू लागला. तांब्याच्या पैशाला चुंबक काय लागणार!

आता खाली पाहत चालत राहू. रामकुंडाखाली एकच घाट नाही, कुंडांची साखळी आहे. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याबाईंच्या नावाचं कुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड आणि आणखी कितीतरी. ही कुंडं नदीच्या काठावर नाहीत, थेट पात्रातच आहेत, आणि इथली सारी हुशारी यातच आहे. गोदावरीचं पात्र इथे सपाट, खडकाळ काळ्या पाषाणाचं. पावसाळ्यात पाणी उदंड आणि उन्हाळ्यात खडकातून वाहणारी बारीक धार. अशा नदीत बारा महिने स्नानाची सोय करायची, तर एकच मोठा बांध घालून चालत नाही. त्यात गाळ साचतो, पाणी कुजतं आणि पुरात बांधच वाहून जातो. म्हणून पात्राची उतरंड केली. प्रत्येक कुंड थोडं खाली, मध्ये दगडी कठडे आणि पाणी पुढे जायला वाटा. वरच्या कुंडातलं पाणी खालच्यात जात राहतं, थांबत नाही. तळ मात्र उघडा ठेवला. खडकाच्या भेगांतले झरे तिथून वर येतात आणि धार आटल्यावरही कुंडात ओल राहते. पूर आला की सगळी बांधणी पाण्याखाली जाते. उंच उभी काही नसल्याने पाण्याला तोडायला फारसं काही सापडत नाही, आणि पूर ओसरला की पायऱ्या पुन्हा वर येतात. एकाच बांधणीने महापूर सोसायचा आणि वैशाखातला दुष्काळही, हा हिशेब अठराव्या शतकापर्यंतच्या गवंड्यांनी या काठावर सोडवला होता.

या उघड्या तळावरच पुढे घाव बसला. 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत पात्राच्या आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. लाखोंच्या गर्दीला पाय घसरू नये, गाळ काढायला सोपं जावं, हेतू वाईट नव्हता. पण झऱ्यांची तोंडं बुजली. कुंडं निव्वळ हौद झाली, वरून पाणी सोडलं तर भरणारी, नाहीतर कोरडी. एप्रिल 2016 मध्ये, गुढीपाडव्याच्या दिवसांत रामकुंड आटलं आणि भाविकांसाठी टँकरने पाणी आणून टाकावं लागलं. दुष्काळ होताच, धरणात पाणी नव्हतंच. पण ज्या बांधणीचा आधार मुळात झरे होते, तिला टँकरचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मला फार लागते. नाशिकच्या नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली, जुने नकाशे आणि नोंदी काढून कुंडं कुठे होती ते दाखवलं, नेट लावला. पुढे काही कुंडांतलं काँक्रीट फोडून काढलं गेलं आणि खालून जुना दगडी तळ, जुन्या पायऱ्या दिसू लागल्या. काम अर्धं आहे. राहिलेल्या कुंडांतलंही काँक्रीट निघायला हवं, आणि 2026-27 चा सिंहस्थ त्याआड येऊ नये.

सिंहस्थाचा विषय निघालाच आहे तर गर्दीबद्दल थोडं. शैव आखाड्यांचं स्नान त्र्यंबकेश्वराला कुशावर्तावर आणि वैष्णवांचं नाशिकला रामकुंडावर, ही वाटणी पेशवाईच्या अखेरच्या काळात, 1789 च्या सिंहस्थातल्या झगड्यानंतर पक्की झाली असं सांगतात. दोन्ही कुंडं लहान आणि तिथे जाणारे रस्ते त्याहून अरुंद. 27 ऑगस्ट 2003 रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत, सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि 40 च्या आसपास माणसं गेली. 2015 मध्ये त्यावरून धडा घेऊन तपोवनाच्या बाजूला नवे घाट बांधले आणि गर्दी नदीभर पसरवली. गर्दीबरोबर प्रवेशाचीही गोष्ट सांगायला हवी. रामकुंडावरून वर पाच-दहा मिनिटं चाललं की काळाराम मंदिर लागतं. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहानंतर तीन वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथला सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. तिथे प्रश्न तळ्याचा होता, इथे देवळाच्या दाराचा. पण तीर्थाच्या गावी कुणाला पाण्याजवळ आणि देवाजवळ येऊ द्यायचं, ही गोष्ट एकच होती. नाशिकच्या घाटांबद्दल बोलताना ती गाळून पुढे जाता येत नाही.

परत नदीत उतरू. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिकचं सर्वांत लोकप्रिय जलमापक. शेंदूर फासलेली भव्य मूर्ती, दोन बाजूंना दोन तोंडं. पावसाळ्यात नाशिकमध्ये फोनवर विचारतात ते ‘मारुती कुठवर?’ गुडघ्याला पाणी म्हणजे काठावरच्या टपऱ्या हलवायच्या. कमरेला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार खालच्या खणातला माल वर चढवू लागतात. छातीच्या वर गेलं की जुन्या गावातल्या खालच्या गल्ल्या रिकाम्या करायच्या. सरकारी पूररेषा पुष्कळ नंतरची. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची, असं तिचं गणित आहे. नकाशावरच्या त्या रेषेपेक्षा मारुतीची छाती लोकांना लवकर कळते. कैरोत नाईलच्या रोडा बेटावर इ. स. 861 मध्ये बांधलेला खुणांचा खांब आहे. त्या खांबावर पाणी किती चढलं यावर इजिप्तचा शेतसारा ठरत असे. आपल्याकडे कर ठरला नाही, पण कोणत्या दुकानाने कधी कुलूप लावायचं ते ठरलं.

1969 चा पूर जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. त्यानंतर 2008 चा आणि पुढे 2 ऑगस्ट 2016 चा. म्हणजे ज्या वर्षी एप्रिलमध्ये रामकुंडात टँकर ओतले, त्याच वर्षी चार महिन्यांच्या आत मारुती पाण्याखाली गेला. 4 ऑगस्ट 2019 ला पुन्हा तेच. कुंडांची साखळी ज्यांनी बांधली त्यांच्यासमोर असलाच टोकाचा ऋतू होता, हे 2016 च्या एका वर्षाने पुरेसं समजतं.

पुढे सांडव्यावरच्या देवीचं ठिकाण. सांडवा म्हणजे पात्राच्या आरपार घातलेली ठेंगणी दगडी भिंत. उन्हाळ्यात तिच्यावरून माणसं या तीरावरून त्या तीरावर जात. मागे पाणी तुंबून राही, तेच धुण्या-नाहण्याला कामी येई. पावसाळ्यात पाणी तिच्या माथ्यावरून सांडून जाई. पूल, बंधारा आणि घाट अशी तिहेरी सोय. पक्के पूल होण्याआधी नाशिक आणि पंचवटी जोडली होती ती अशा सांडव्यांनी. नाशिक जिल्ह्यातल्या मोसम-गिरणा खोऱ्यात आणि पलीकडे धुळ्याला पांझरेवर फडपद्धतीचे बंधारे आहेत. त्यांची जातकुळी हीच. नदी अडवायची, पण तिचा रस्ता बंद करायचा नाही.

काठावरच्या नारोशंकराच्या मंदिराशी थोडं थांबू. मंदिर रामेश्वराचं, 1747 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेलं. पुढच्या भिंतीवर मोठी घंटा आहे, तिच्यावर 1721 साल कोरलेलं. वसईच्या मोहिमेनंतर ती पोर्तुगिजांकडून इकडे आली असं सांगतात. नाशिककर मात्र ही घंटा इतिहासासाठी कमी आणि पुरासाठी जास्त आठवतात. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर. मारुती रोजच्या पावसाळ्यासाठी, घंटा पिढीतून एखाद्या वेळेसाठी.

उरलेली वाट तपोवनाची. वाटेत पंचवटीच्या बाजूने वाघाडी मिळते, जुन्या ग्रंथांतली वरुणा. जुन्या नाशिकच्या बाजूने सरस्वती नाला येतो. दोन्हींतही आज पाण्यापेक्षा सांडपाणी अधिक आहे. पाणवेलींचा हिरवा थर दिसला की समजावं, वर कुठेतरी गटार नदीत सुटलं आहे. तपोवनाला कपिला संगमाशी काळ्या पाषाणात नदीने स्वतः कोरलेले खळगे आणि डोह आहेत. शूर्पणखेची गोष्ट लोक इथलीच सांगतात. जवळच महापालिकेचं मलनिस्सारण केंद्र आहे. बहुतेक मार्गदर्शक पाहुण्यांना ते दाखवत नाहीत. मी आवर्जून दाखवा म्हणेन. पोढीपासून सुरू झालेल्या फेरीत शहर पाणी घेतं कसं ते पाहिलं, परत करतं कसं तेही पाहायला हवं. इथून खाली हेच पाणी नांदूरमधमेश्वरला जातं, जिथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे साचलेल्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. 2020 मध्ये रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा.

फेरी कधी करावी, असं अनेकजण विचारतात. पावसाळ्यात पुरापासून लांब राहून, होळकर पुलावरून पाहिलं की मारुती आणि सांडवा यांचा अर्थ कळतो. कुंडांची बांधणी पाहायची असेल, तर एप्रिल-मेमध्ये, आवर्तन बंद असताना यावं. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, कठडे, वाटा आणि पायऱ्यांचे थर उघडे पडतात आणि कुठे मूळ दगड आहे, कुठे वर काँक्रीटचा लेप आहे ते हात लावून तपासता येतं. पांडवलेण्यांसाठी ऑक्टोबर उत्तम, पोढ्या तेव्हा तुडुंब असतात. एका दिवसात सगळं उरकू नये. लेणी एका सकाळी, रामकुंड ते नारोशंकर दुसऱ्या सकाळी आणि तपोवन एखाद्या संध्याकाळी, असं केलं तर पाय दुखत नाहीत आणि पाहायचं काही सुटतही नाही.